मशीन शॉपच्या शेडसाठी एलईडी दिवे कसे निवडायचे

एमआयडीसीत गाळा किंवा शेड घेतली की मशीन, फाउंडेशन, कॉम्प्रेसर, वीजजोडणी यांचा हिशेब महिनोन्‌महिने चालतो. दिव्यांचा विषय मात्र शेवटच्या आठवड्यात वायरमनच्या गळ्यात पडतो. तो विचारतो, "साहेब, किती वॅटचे टाकू?" आपण शेजारच्या शेडमध्ये डोकावून सांगतो, "शंभरचे टाक."

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, एवढंच. तो उजेड किती देतो हे लुमेन सांगतात, आणि त्यातला कामाच्या जागेवर किती पोचतो हे लक्स सांगतात. एक चौरस मीटरवर एक लुमेन पडला की तो एक लक्स. खरेदी लक्सपासून सुरू करून मागे लुमेनकडे यायचं आणि वॅट सगळ्यात शेवटी बघायचे. उलट्या क्रमाने गेलात तर दिवे भरपूर लागतात आणि टर्नर (लेथ चालवणारा कारागीर) तरीही जॉब, म्हणजे घडवायचा भाग, हातात घेऊन उजेडासाठी दारापाशी जातो.

उदाहरणासाठी एक नेहमीची शेड धरू: ४० फूट बाय ८० फूट, पत्र्याचं छप्पर, कडेला उंची साधारण २० फूट. आत चार-पाच लेथ, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन), डीबरिंगचं बेंच (कापलेल्या कडेवर उरलेली धातूची बारीक धार, म्हणजे बर, काढायचं), क्यूसीचं म्हणजे तपासणीचं टेबल, एका कोपऱ्यात वेल्डिंग आणि मागच्या बाजूला मालाचे रॅक.

१. आधी कामं लिहून काढा

कागदावर शेडचा आराखडा काढा आणि कुठे काय होतं ते लिहा. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: इथे माणसाला सगळ्यात बारीक काय दिसायला हवं? रॅकपाशी पेटीवरचं लेबल वाचता आलं तरी पुरतं. लेथवर टूलचं टोक आणि रेषा दिसल्या पाहिजेत. डीबरिंगला केसासारखी बर दिसली पाहिजे. क्यूसीच्या टेबलावर वर्निअरची रेघ आणि जॉबवरचा ओरखडा.

भारतीय मानक आयएस ३६४६ मध्ये अशा कामांसाठी लक्सचे आकडे दिलेले आहेत. ढोबळ बेंचकाम आणि मशीनकामाला ३००, मध्यम प्रतीच्या कामाला ५००, बारीक कामाला ७५० आणि त्याहून नाजूक कामाला १००० च्या पुढे, असं धरून चाला. रॅकपाशी १५० च्या आसपास पुरतात. कामगारांमध्ये पन्नाशीच्या पुढचे जास्त असतील तर एक पायरी वरचा आकडा घ्या. वयाबरोबर डोळ्याला जास्त उजेड लागतो आणि अनुभवी टर्नर बहुधा त्याच वयाचे असतात.

कारखाने अधिनियम १९४८ चं (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली) कलम १७ पुरेसा आणि योग्य उजेड ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकत होतं. डोळ्यांवर येणारी तिरीप आणि अपघाताला कारण ठरणाऱ्या सावल्या टाळायलाही तेच कलम सांगत होतं. खिडक्या आणि छतातल्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवा, हेही त्यातच लिहिलेलं होतं. बहुतेक शेडमध्ये याच ओळीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष झालेलं असतं.

२. आत्ता किती आहे ते मोजा

डोळा कमी उजेडाला सरावतो, त्यामुळे "उजेड बरा आहे" या मताला काही अर्थ नाही. साधा लक्स मीटर विकत घ्या किंवा कोणाकडून मागून आणा. मोबाइलचं ॲप ढोबळ तुलनेला चालतं, आकड्यावर विसंबण्यासारखं नसतं. मोजमाप संध्याकाळनंतर, बाहेरचा उजेड पूर्ण गेल्यावर घ्या. मीटर मशीनच्या पातळीवर ठेवायचा, जमिनीवर नाही. मोजणाऱ्याने स्वतःची सावली त्यावर पडू द्यायची नाही. ऑपरेटर मात्र त्याच्या जागेवर उभा असू द्या, कारण रोज त्याची सावली पडणारच आहे.

दिवसाचं मापही एकदा घ्या. छपरात दुधी पारदर्शक पत्रे असतील तर दुपारी निम्मे दिवे बंद ठेवता येतात, पण तशी वायरिंग आधीपासून हवी. गिरणगावातल्या जुन्या गिरण्यांची करवती दात्यांसारखी छपरं आठवा. उत्तरेचा थंड उजेड आत यावा आणि थेट ऊन येऊ नये, म्हणून ती तशी बांधली होती. आपल्याला छप्पर बदलता येत नाही, पण पारदर्शक पत्रे धुता येतात आणि भिंतींना पांढरा रंग देता येतो. दिवे घेण्याआधी हे दोन्ही उरका. काळवंडलेली भिंत उजेड गिळते आणि मग दोन-तीन दिवे जास्तीचे लावावे लागतात.

३. लुमेनचा हिशेब

४० बाय ८० फूट म्हणजे ३२०० चौरस फूट, साधारण ३०० चौरस मीटर. सगळ्या शेडला ७५० लक्स देण्यात पैसा वाया जातो. सर्वसाधारण उजेड ३०० लक्सचा ठेवा आणि जिथे जास्त हवा तिथे जवळून वेगळा दिवा द्या.

३०० लक्स गुणिले ३०० चौरस मीटर म्हणजे ९०,००० लुमेन. पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड कामापर्यंत पोचत नाही, काही भिंती आणि छपराकडे जातो. फिकट भिंतींच्या शेडमध्ये ६० टक्के पोचतो असं धरा. शिवाय धूळ बसते, एलईडी स्वतःही हळूहळू मंदावतो. त्यासाठी आणखी ०.७५ ने गुणा. ०.६ गुणिले ०.७५ म्हणजे ०.४५. आता ९०,००० ला ०.४५ ने भागलं की दोन लाख लुमेन येतात.

१०० वॅटचा बरा हायबे (उंच छपरासाठीचा दिवा) वॅटमागे १३० लुमेन देत असेल तर एका दिव्याचे १३,००० लुमेन. म्हणजे १६ दिवे. मांडणी नीट बसावी म्हणून १८ घ्या, सहा-सहाच्या तीन रांगा. ४० फुटांचे तीन भाग आणि ८० फुटांचे सहा भाग, दोन्हीकडे अंतर १३ फुटांच्या जरा पुढे येतं आणि कडेची रांग भिंतीपासून त्याच्या निम्म्यावर. असा चौकोनी सम विस्तार पडला की उजेड एकसारखा येतो.

कोटेशनमध्ये लिहिलेले लुमेन पूर्ण दिव्याचे आहेत की नुसत्या चिपचे, हे विचारून घ्या. लेन्स, काच आणि उष्णता यांत बरंच जातं. चिपचा आकडा दिव्याचा म्हणून सांगणं ही बाजारातली जुनी खोड आहे.

४. उंची, कोन आणि सावल्या

१४-१५ फुटांपेक्षा कमी उंचीच्या गाळ्यात गोल हायबे लावूच नका. डोळे दिपतात आणि दिव्याखाली उजेडाचं डबकं पडतं. तिथे दुधी डिफ्यूझर असलेले लांब दिवे बरे. आपल्या २० फुटांच्या शेडला ९० किंवा १२० अंशांचा हायबे योग्य. ६० अंशांचा अरुंद झोत ३० फुटांच्या पुढे कामाचा. कमी उंचीवर अरुंद झोत लावला तर जमीन लख्ख दिसते, पण उभे पृष्ठभाग अंधारात राहतात. व्हीएमसीचा पॅनेल, बोर्डावर टांगलेलं ड्रॉइंग, रॅकवरची लेबलं हे सगळं उभंच असतं.

क्रेन असेल तर दिवे क्रेनच्या वरच लागतात, म्हणजे गर्डर मध्ये आला की खाली सावली पडते. गर्डरच्या खालच्या अंगाला दोन-तीन दिवे लावून घ्या. ते धक्का आणि कंप सहन करणारे असावेत.

आराखड्यावर दिव्यांच्या रांगा काढल्या की मशीनच्या जागा त्यावर ठेवून बघा. दिवा ऑपरेटरच्या पाठीमागे आला की त्याचीच सावली जॉबवर पडते. रांग थोडी सरकवून हे सुटतं. ट्रसमधलं (छपराच्या लोखंडी कैच्यांमधलं) अंतर आणि दिव्यांमधलं अंतर जुळत नसेल तर खालून सी-चॅनेल (लोखंडी पट्टी) टाका. ट्रस आहे म्हणून दिवा तिथेच, असं करू नका.

५. जवळचे दिवे

लेथला वाकणाऱ्या नळीचा छोटा एलईडी, शक्यतो २४ व्होल्टचा आणि कूलंटचे शिंतोडे सोसणारा. (टाकीत, खड्ड्यात किंवा तशा बंद जागेत उतरताना नेण्याच्या हातदिव्याला कारखाने अधिनियम १९४८ मध्येच २४ व्होल्टची मर्यादा होती.) डीबरिंगच्या बेंचवर एक लांब दिवा पुढच्या बाजूने, कपाळाच्या वरच्या पातळीवर.

क्यूसीच्या टेबलाला मात्र वेळ द्या. चकचकीत जॉबवर उघड्या एलईडीचे ठिपके उमटतात आणि त्यांच्या आड ओरखडा लपतो. तिथे मोठा, दुधी, पसरट दिवा हवा. उलट मशीनिंगच्या रेषा, खरचटणं किंवा बारीक पोचे शोधायचे असतील तर टेबलाच्या कडेने, अगदी तिरका येणारा दिवा हवा, कारण तिरक्या उजेडात खाचेची सावली पडते. म्हणजे एका टेबलाला दोन स्वतंत्र बटणांचे दोन दिवे. एवढ्या खर्चात गिऱ्हाइकाकडून परत येणारा माल कमी होतो.

६. थरथर: याला तडजोड नको

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. दिव्याचा ड्रायव्हर (वीज एलईडीला हवी तशी करून देणारं सर्किट) स्वस्तातला असेल तर उजेडही सेकंदाला शंभर वेळा वाढतो आणि उतरतो. नुसत्या डोळ्याला ते कळत नाही. पण तीन जबड्यांचा चक (लेथवर जॉब पकडून फिरवणारा भाग) २००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरतोय असं समजा. सेकंदाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे. उजेडाच्या दोन ठोक्यांमध्ये चक बरोबर एक तृतीयांश फेरा मारतो, म्हणजे प्रत्येक ठोक्याला एक जबडा आधीच्या जबड्याच्या जागी येतो. डोळ्याला चक उभा दिसतो. चार जबड्यांच्या चकचं हेच १५०० आरपीएमवर होतं. नवा मुलगा अशा चककडे हात नेऊ शकतो.

म्हणून फिरत्या यंत्रांच्या शेडमध्ये 'डीओबी' प्रकारचे, म्हणजे वेगळा ड्रायव्हर नसलेले, पाटीवरच सर्किट असलेले दिवे शक्यतो टाळा. थरथरीच्या चढउताराची टक्केवारी विक्रेत्याकडे लेखी मागा. आयईईई १७८९ या शिफारशीनुसार १०० हर्ट्झला ती ८ टक्क्यांच्या आत असली तर धोका कमी, ३ टक्क्यांच्या आसपास असली तर उत्तम. विक्रेता गोंधळला तर नमुन्याचा एक दिवा मागून घ्या आणि अंधारात मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये त्याचं चित्रण करा. उजेड धडधडताना दिसला तर दिवा परत. आणखी सोपी परीक्षा म्हणजे त्या उजेडात पेन जोरात हलवायचं. सुट्या-सुट्या अनेक पेनांच्या आकृत्या दिसल्या तर थरथर आहे, सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक.

ट्यूबलाइटच्या काळात जाणकार वायरमन शेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकत, म्हणजे सगळ्या एकाच क्षणी मंदावत नसत. एलईडीलाही ही रीत चालू ठेवा. तीन रांगा तीन फेजवर सरळ देण्यापेक्षा एकाच रांगेतले दिवे आळीपाळीने आर, वाय, बी या तीन फेजवर द्या. एखादी फेज गेली तरी शेडमध्ये कुठेच पूर्ण अंधार होत नाही. पारदर्शक पत्र्याखालच्या दिव्यांना मात्र स्वतंत्र बटणं ठेवा.

७. दिवा जातो तो ड्रायव्हरमुळे

खोक्यावर ५०,००० तास लिहिलेलं असतं. दोन पाळ्या, वर्षाला ३०० दिवस धरले तर ४८०० तास होतात, म्हणजे दहा वर्षं निघायला हवीत. तो आकडा बहुधा एलईडी चिपचा असतो. चिपची चाचणी एलएम-८० पद्धतीने निदान ६००० तास करतात आणि पुढचं आयुष्य त्यावरून हिशेबाने काढतात. बंद पडलेला दिवा उघडा, आत बहुतेक वेळा चिप शाबूत आणि ड्रायव्हर गेलेला सापडतो.

ड्रायव्हरला मारणाऱ्या गोष्टी दोन. पहिली उष्णता. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी तापते. मराठवाडा-विदर्भात तर विचारूच नका. ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. तेव्हा माहितीपत्रकात भोवतालच्या तापमानाची मर्यादा बघा. ४० अंश लिहिलं असेल तर तो दिवा आपल्या शेडचा नाही, ५० किंवा त्याहून जास्त हवेत. दिवा पत्र्याला चिकटवू नका, दोन-तीन फूट खाली टांगा. ड्रायव्हर वेगळ्या कप्प्यात असेल आणि चार स्क्रू काढून बदलता येत असेल तर तोच दिवा घ्या, दोनशे रुपये जास्त गेले तरी.

दुसरी गोष्ट वीज. दिवसा वेल्डिंग आणि भट्ट्यांमुळे व्होल्टेज खाली जातं, रात्री आजूबाजूचे कारखाने बंद झाले की वर चढतं. १४० ते २८० व्होल्टमध्ये नीट चालणारा ड्रायव्हर मागा. त्याहून घातक म्हणजे न्यूट्रल सैल होणं. मग २३० च्या दिव्यावर ४१५ च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं आणि एका झटक्यात अख्खी रांग जाते. '४४० व्होल्ट संरक्षण' असलेले ड्रायव्हर बाजारात मिळतात, ते घ्या. वळवाच्या पावसातल्या विजांसाठी दिव्यात निदान ४ केव्हीचं आणि डीबीमध्ये (वीज वाटणाऱ्या पेटीत) वेगळं सर्ज संरक्षण, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासूनचं संरक्षण, बसवा. पण अर्थिंग कच्चं असेल तर हे संरक्षण नावालाच राहतं. पॉवर फॅक्टर (घेतलेली वीज किती कामी येते त्याचं माप) ०.९५ च्या वर आणि हार्मोनिक्स (दिव्याने प्रवाहात आणलेला बिघाड) १० ते १५ टक्क्यांच्या आत, हेही लेखी घ्या.

८. धूळ, कूलंट, रंग

मशीन शॉपला आयपी ६५ दर्जा घ्या. यात धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. कूलंटची वाफ आणि तेलाचा धूर प्लास्टिकच्या झाकणाला चिरा पाडतो, तिथे टफन्ड काच बरी. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर प्रश्न कापसाच्या तंतूंचा. वरचा भाग सपाट आणि गुळगुळीत असलेला दिवा घ्या, पंख्यांसारखे खोल खाचांचे हीट सिंक तिथे लगेच बुजतात आणि दिवा तापतो. शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीच्या थेट वर दिवा नकोच, बाजूने झोत द्या.

रंगाची बूथ, थिनरची साठवण, पावडरची बारीक धूळ अशा ठिकाणी साधा आयपी ६५ दिवा लावणं धोक्याचं आहे. तिथे फ्लेमप्रूफ दिवा (आतली ठिणगी बाहेर न जाऊ देणारा) आणि त्याची ग्लँडही (केबल आत शिरते तिथला जोड) तशीच लागते. हे काम माहितगार विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्या, जागेची धोका-श्रेणी ठरवण्यापासून.

९. रंगछटा

आपल्याकडे ६५०० केल्विनचा निळसर पांढरा सर्रास खपतो, कारण दुकानात तो 'जास्त उजेडाचा' वाटतो. मला ५००० च्या आसपासचा बरा वाटतो, रात्रपाळीला डोळे कमी शिणतात. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० च्या खाली जाऊ नका. रंग जुळवणी किंवा कापडाच्या छटा तपासणार असाल तर ९० च्या पुढचा, तोही ठरावीक तपासणी पेटीत.

१०. कोटेशन आणि पैसा

कोटेशन मागताना वॅट लिहू नका. आराखडा पाठवा आणि लिहा: कामाच्या पातळीवर सरासरी ३०० लक्स, भिंती फिकट, दिव्याची उंची १८ फूट, मांडणीचा संगणकीय नकाशा द्या. जो विक्रेता नकाशा देतो त्याच्याशीच पुढे बोला. पूर्ण दिव्याचा एलएम-७९ अहवाल (उजेड आणि विजेच्या चाचणीचा) मागा. दिव्यावर आणि ड्रायव्हरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक बघा. तो 'आर' अक्षराने सुरू होतो आणि बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. वॉरंटीमध्ये ड्रायव्हर स्पष्ट लिहिलेला हवा. १८ फुटांवरून दिवा उतरवून परत चढवण्याची मजुरी कोण देणार, हेही आत्ताच ठरवा.

जुने २५० वॅटचे मेटल हॅलाइड बदलत असाल तर हिशेब असा. चोकसकट एक दिवा साधारण २७५ वॅट खातो, १८ दिव्यांचे जवळपास ५ किलोवॅट. एलईडीचे १.८ किलोवॅट. वाचले सव्वातीनला जरा कमी. वर्षाच्या ४८०० तासांत पंधरा हजार युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर एक लाख पस्तीस हजार. तुमचा खरा दर बिलावर बघून आकडा घाला आणि कोटेशनला त्याने भागा, किती वर्षांत वसूल होईल ते दिसेल. शिवाय वीज क्षणभर गेली की हॅलाइड पुन्हा पेटायला दहा-पंधरा मिनिटं घेतो, एलईडी लगेच लागतो. तेवढा वेळ शेड अंधारात राहत नाही, हा फायदा बिलात दिसत नाही.

११. लावताना आणि लावल्यावर

सगळे १८ एकदम घेऊ नका. चार दिवे आणून एका टोकाला लावा, आठवडाभर दोन्ही पाळ्या चालवा आणि ऑपरेटरांना विचारा. डोळ्यांना टोचतंय, इथे सावली येते, पॅनेलवर चमक येते, हे सगळं तेच सांगतील. मग बाकीचे मागवा.

जुन्या ट्यूबच्या पट्टीत एलईडी ट्यूब घालणार असाल तर चोक आणि स्टार्टर काढून टाका. ट्यूबला वीज एका टोकाने द्यायची की दोन्हीकडून, हे पट्टीवर ठळक लिहा, नाही तर पुढचा वायरमन फसेल. दाराकडच्या वाटेवर आणि पॅनेलपाशी दोन-तीन दिवे इन्व्हर्टरवर ठेवा. उंचीवरचं काम हार्नेस आणि मचाणाशिवाय करू देऊ नका.

सगळं लागलं की पुन्हा रात्री लक्स मीटर फिरवा, त्याच जागी, त्याच पातळीवर. नव्या दिव्यांना आपल्या हिशेबाने सरासरी ४५० च्या पुढे यायला हवं, पुढे धुळीने ते साडेतीनशेपर्यंत उतरणार आहे. ३०० च आलं तर विक्रेत्याला तेव्हाच बोलवा, बिलाचा शेवटचा हप्ता हातात असताना. आकडे मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये लिहा आणि दिवाळीच्या व मेच्या सुट्टीत काचा पुसून झाल्यावर पुन्हा मोजा. त्याच बॅचचे दोन ड्रायव्हर आणि एक पूर्ण दिवा स्टोअरमध्ये ठेवा, प्रत्येक दिव्यावर बसवल्याची तारीख मार्करने लिहा. दोन वर्षांनी तेच मॉडेल बाजारात मिळेलच असं नाही.